घरी ठेवलेले ब्रेक

आज सकाळी साडेसातला माझ्या उजव्या हातानं मला दगा दिला. सीवूड्सच्या कोपऱ्यावर, रोजच्याच वळणावर, स्कूटरच्या पायाशी झेंडूची पिशवी, डोक्यात काही म्हणजे काही नाही. उभ्या दोन गाड्यांच्या मधनं एक बाई आली. हातात तशीच फुलांची पिशवी, मान मोबाइलमध्ये. आता अशा वेळी माणूस काय करतो? ब्रेक मारतो. शेंबडं पोर पण ब्रेक मारतं. माझ्या हातानं अॅक्सिलरेटर पिळला. पूर्ण, शेवटपर्यंत. स्कूटर किंचाळली, डावीकडं झुकली, माझा डावा पाय आपोआप खाली गेला, चप्पल रस्त्यावर फरफटली, आणि त्या बाईच्या पदरापासनं वीतभर अंतरावरनं मी पलीकडं निघालो. बाईला काही लागलं नाही. घाबरून ती रस्त्यातच बसली, पिशवी फुटली आणि झेंडू सगळीकडं पसरला. "अहो काका, गाडीला ब्रेक नाहीत का?" ती बसल्या बसल्या ओरडली. एक रिक्षावाला थांबून बोलला, "चाचा, घर पे बैठो अब." मी स्कूटर लावली, वाकून तिची फुलं गोळा करून दिली, माझ्यातली पण दिली, सॉरी बोललो. पण उजवा हात? तो अजिबात थरथरत नव्हता. तो खूष होता मेला. चोवीस वर्षांनी कुणीतरी ओळख दाखवावी तसा खूष.

मी सोसायटीत पंप ऑपरेटर आहे. सात टॉवर, चौदा पंप, खाली टाक्या, वर टाक्या. पाणी कुठल्या टॉवरला कधी चढवायचं हे मला झोपेत कळतं. आज खंडेनवमी, म्हणून पंपांना झेंडूची माळ घालायची होती. हळदकुंकू लावता लावता माझं लक्ष पंपात नव्हतं. पोडियमच्या बागेखाली, जिथं आता पाहुण्यांच्या गाड्या लागतात, तिथं आमच्या मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकचं दुसरं वळण होतं. कोणाला सांगितलं तर हसतील. बी टॉवरची लिफ्ट आहे ना, तिथं सुरुवातीची दोरी. ही सगळी भरणीची जमीन. त्याआधी मिठागर, त्याआधी खाडी. भरणी टाकून झाली आणि बांधकाम सुरू झालं नाही, त्या मधल्या सहा-सात वर्षांत ती कोणाचीच नव्हती. म्हणजे आमची होती. राउंड मारताना मी अजून उजवीकडनं सुरू करून डावीकडंच वळत जातो. वॉचमन म्हणतात हरेशभाऊंची सवय आहे. असू दे.

आणि ह्या सगळ्याच्या डोक्यावर रुतिकाचं काम. रुतिका आमच्या करावे गावातलीच, ऐरोलीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. गावदेवीच्या मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतायत, कोजागिरीला वाटायची. गेल्या आठवड्यात घरी येऊन बोलली, "काका, तुमच्या स्पीडवे टीमचा इतिहास तुम्हीच लिहा. आमच्या पिढीला माहीतच नाही की गावात असं काही होतं. दोन-तीन पानं बास. आणि प्रणयमामांबद्दल पण लिहा हं, शेवट कसा झाला ते." ती सहज बोलली. आतल्या खोलीत माझी बायको वैजयंती चादरीच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले ते मला दारातनं दिसलं. प्रणय तिचा सख्खा धाकटा भाऊ. मी बोललो लिहितो. लिहायला बसलो तर तीन पानं सटासट झाली. मग पेन असं अडकलं की चार दिवस हललं नाही. आज मजकूर द्यायचा शेवटचा दिवस.

तीन पानांत काय आहे? खलील आहे. खलीलशिवाय आमची टीम म्हणजे पाण्याशिवाय होडी. तुर्भ्याला ट्रकच्या रांगांमागं त्याचं गॅरेज होतं. मूळचा तळोज्याचा, आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याचा मामा बोटीवर खानसामा, त्यानं विलायतेच्या कुठल्यातरी बंदरातनं एक व्हिडिओ कॅसेट आणली. पंच्याण्णव साल. खलीलनं आम्हा चौघांना ती दाखवली. चार माणसं, चार मोटरसायकली, मातीचा लंबगोल, चार फेऱ्या. मिनिटभरात खलास. गाडीला एकच गियर आणि ब्रेक नाहीतच. ना पुढं, ना मागं. वळण नेहमी डावीकडं. मागचं चाक घसरत बाहेर जायचं आणि ती माणसं आडव्या झालेल्या गाड्यांवरनं चिखल उडवत अशी जायची की आम्ही चौघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. खलीलनं कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली, पुन्हा मागं नेली. "बघ, हात बघ त्याचा," तो बोलला. "वळणावर बंद करत नाय. उघडतो." त्या एका वाक्यावर आमची सहा वर्षं उभी राहिली आणि त्याच्यावरच आडवी झाली. पण हे मी पानात लिहिलेलं नाही.

जुन्या येझदी घेऊन खलीलनं त्या सोलून काढल्या. दिवे गेले, मडगार्ड गेले, सीटच्या जागी फळकुट. डाव्या बुटाला ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा लोखंडी तळ, वळणावर जमिनीवर घासायला. ट्रॅकवर खाडीची सुकी माती आणि क्रशरची कच टाकली, टँकरवाल्याला पटवून पाणी मारलं. आणि ब्रेक. खलीलचा नियम होता की ब्रेक भंगारात टाकायचा नाही. नवीन पोरगा टीममध्ये आला की खलील स्वतः त्याच्या गाडीचा ब्रेकचा लिव्हर सोडवायचा, रॉकेलनं धुवायचा, आणि त्या पोराच्या घरी जाऊन आईच्या हातात द्यायचा. "पोऱ्या आमी नेतो," म्हणायचा, "ब्रेक तुमच्याकडं ठेवा. ज्या दिवशी बस झालं वाटेल त्या दिवशी मला परत द्या, मी गाडीला लावून देईन." प्रणयच्या आईनं, येसूबाईनं, तो लिव्हर सरळ देव्हाऱ्यात ठेवला, खंडोबाच्या टाकाशेजारी. मग गावात तीच रीत पडली. खंडेनवमीला कोयत्याबरोबर, वल्ह्याबरोबर लिव्हर पुजले जायला लागले. मुसलमानाच्या हातचा लोखंडाचा तुकडा आमच्या देवात. त्या वेळी कोणाला त्यात काही वाटलं नाही.

मी कॅप्टन. कॅप्टन म्हणजे काय, तर मला सगळ्यांत आधी जमलं, बस. पोरांना शिकवताना मी ट्रॅकच्या आत, मधोमध उभा राहायचो. शिकायचं एकच असतं आणि तेच अशक्य असतं. वळणावर फळ्यांचं कुंपण अंगावर येतं तेव्हा प्रत्येक माणूस हात ढिला करतो. हात ढिला केला की चाकाला जमीन सापडते, गाडी सरळ होते आणि थेट कुंपणात जाते. उघडलं तर चाक घसरतं आणि गाडी वळते. भीती वाटली की उघडायचं. जास्त भीती वाटली की जास्त उघडायचं. हे बोलायला सोपं आहे. आतड्यातली उपजत अक्कल उपटून तिथं उलटी पेरायची असते. त्यासाठी मी मधोमध उभा राहून ओरडायचो, "उघड!" प्रणय तेव्हा एकोणीसचा. सुरुवातीला कुंपणात इतक्यांदा गेला की फळ्या बदलून खलील वैतागला. मग एका दुपारी त्यानं स्वतःच्या डोक्याचं ऐकायचं सोडलं आणि माझ्या आवाजाचं ऐकायला लागला. मी "उ" म्हणेपर्यंत त्याचा हात फिरलेला असायचा. त्यानंतर त्याला गाठणारा कोणी राहिला नाही. कोल्हापूरला आम्ही ढाल जिंकली ती त्याच्या जिवावर. येताना टेम्पोत तो ढाल मांडीवर घेऊन झोपला होता आणि खलील त्याच्या डोक्यावर पुठ्ठा धरून बसला होता, ऊन लागू नये म्हणून. एवढ्यावर माझं तिसरं पान संपतं.

आज त्या बाईची फुलं गोळा करून आल्यावर पंपरूममध्ये बसून मी चौथं पान लिहिलं. पंधरा ओळी, एका दमात. चोवीस वर्षं जे तोंडातनं आलं नाही ते बॉलपेननं आलं. दोन हजार एक, मे महिना. पामबीचचा रस्ता नवीन होता, डांबर काळंकुळकुळीत. प्रणय नेहमीची रस्त्यावरची गाडी चालवत होता, ब्रेकवाली, साधी, कामाला जायची. मी मागं बसलेलो. आदल्या दिवशी खलीलनं त्या गाडीला अॅक्सिलरेटरची नवी केबल टाकून दिली होती. आम्ही बेलापूरला चाललो होतो, कशाला ते आता आठवत नाही. आठवत नाही ह्याचाच मला राग येतो. दुभाजकाच्या फटीतनं एक टँकर आडवा आला. खूप जवळ नव्हता. ब्रेक मारला असता तर पडलो असतो, खरचटलं असतं, हाड मोडलं असतं. मी त्याच्या खांद्यावरनं बघत होतो. त्याच्या उजव्या हाताची बोटं सुटली, पसरली, ब्रेकच्या लिव्हरवर जाऊन टेकली. मी बघितलं. आणि त्याच्या कानात ओरडलो, "उघड!" बोटं परत गेली. त्यानं उघडलं. डांबरावर चाक घसरत नाही. गाडी वळली नाही. मी उडून बाजूच्या मातीत पडलो, खांदा मोडला. प्रणय टँकरखाली गेला. हॉस्पिटलपर्यंत जिवंत होता, मग नव्हता.

सासरे, तुळशीराम, हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेले. होडीवरचा माणूस, रडता येत नव्हतं त्यांना. त्यांनी मला विचारलं, "जावई, त्यानं ब्रेक कनाला नाय मारला रं?" काय सांगणार होतो? माझ्या बाजूला वैजयंती होती, लग्नाला दोन वर्षं झालेली, तिनं माझा न मोडलेला हात दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी जमिनीकडं बघत बोललो, "केबल अडकली वाटतं. कालच नवी टाकलेली." एवढंच. खलीलचं नावसुद्धा घेतलं नाही, घ्यायची गरज पण नव्हती. माझ्या मनात आलं होतं की आत्तापुरतं सांगू, नंतर नीट सांगू. नंतर कसलं बोडक्याचं! तिसऱ्या दिवशी गावातली माणसं तुर्भ्याला गेली. मी पण गेलो, खांद्याला प्लास्टर, गळ्यात झोळी. शटर वाकवलं, कॉम्प्रेसर फोडला, आमच्या सोललेल्या गाड्या रस्त्यावर ओढून काढल्या. खलील हातात पाना घेऊन भिंतीला टेकून उभा होता. त्यानं कोणाला अडवलं नाही. फक्त माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विचारणं होतं. कॅप्टन, खरं का? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण चोर तिथंच प्लास्टर घालून उभा असतो हे म्हणीत कोणी सांगत नाही. महिन्याभरात खलील तळोज्याला निघून गेला. टीम संपली. बाकीचे दोघं होते ते पांगले. पावसाळ्यानंतर भरणीवर पत्रे लागले आणि पायलिंगचं मशीन आलं.

चौथं पान लिहून झाल्यावर मला वाटलं, हे छापून यायच्या आधी खलीलला माझ्या तोंडून कळायला पाहिजे. आणि वैजयंतीला. पण आधी खलीलला. खरं सांगायचं तर वैजयंतीची भीती जास्त होती म्हणून आधी खलील. पंप दुसऱ्या शिफ्टच्या पोराकडं दिले. स्कूटरला हात लावायची हिंमत झाली नाही. बसनं बेलापूरला आलो, तिथनं मेट्रो पकडली. दुपारची रिकामी मेट्रो, गारेगार, माझ्यासमोर एक म्हातारा आणि त्याची नात, बाकी सीट मोकळ्या. काचेतनं तळोज्याकडचे डोंगर दिसत होते, अर्धे कापलेले. चार पानं शर्टच्या खिशात घडी करून ठेवली होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. खलील, मला माफ कर. नको, हे फिल्मी वाटतं. खलील, केबल बरोबर होती. हे बरं. साधं आहे. खलील, तुझी केबल बरोबर होती. पेंधरला उतरेपर्यंत मी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की मला हलकं वाटायला लागलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मूर्ख माणूस मी.

घर शोधायला त्रास झाला नाही, मशिदीमागं विचारलं तर लगेच दाखवलं. दार खलीलच्या बायकोनं उघडलं, करिमुन्निसा. केस पूर्ण पांढरे, पण डोळे तेच, कात्रीसारखे. तिनं मला ओळखायला एक क्षण घेतला. "आलास? आज रस्ता सापडला?" एवढंच बोलून बाजूला झाली. खलील आत खाटेवर बसला होता. इतका लहान झालेला! हात मांडीवर, थोडे कापत होते, नखांत ग्रीस नाही. त्या हातांत ग्रीस नसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. "अरे कॅप्टन!" तो उठायला लागला. मी त्याला बसवलं. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. "खांदा कसा हाय तुझा? पावसात दुखतो काय?" आपल्या गॅरेजचा चुराडा करणाऱ्या माणसाला कोणी खांदा विचारतं का? मी त्याच्या खाटेवर बसलो आणि वाक्य बोलून टाकलं. "खलील, तुझी केबल बरोबर होती." मग बाकीचं पण बोललो. टँकर, बोटं, ब्रेकवर टेकलेली, माझं ओरडणं. चौथं पान काढून वाचून दाखवलं. करिमुन्निसा दाराला टेकून ऐकत होती.

खलील शांतपणे ऐकत राहिला. मग हसला. लहान पोरानं काहीतरी थाप मारावी आणि मोठ्यानं ती ओळखावी, तसं. "तू पहिल्यापासून असाच," तो बोलला. "दुसऱ्याचं ओझं उचलतोस. छोड यार. मला माहीत हाय ना काय झालं ते."

"काय माहीत आहे तुला?"

"केबल दोन इंच आखूड होती." त्यानं कापऱ्या बोटांनी हवेत माप दाखवलं. "त्या दिवशी बरोबर मापाची मिळाली नाय. मी जुळवून टाकली. सरळ असताना चालायची, हँडल डावीकडं गेलं की ओढायची. मी प्रणयला बोललो पण होतो, उद्या परत ये, बदलून देतो. तो आला नाय. मी तरी जायला पाहिजे होतं."

मी सांगितलं, असं काही नव्हतं. त्या दिवशी गॅरेजमध्ये मी पण होतो. केबल नवीकोरी, पाकिटातली, मापाची. हँडल दोन्हीकडं फिरवून त्यानं स्वतः दाखवलं होतं आणि प्रणयला कोण उद्या ये बोललंच नव्हतं. खलील मान हलवत राहिला. "तू मागं बसलेला. तुला काय दिसणार? माझ्या हातानं टाकलीय मी. मला अजून ती इथं लागते," आणि त्यानं आपली दोन बोटं एकमेकांवर चोळली. "पहिली काही वर्षं मी पण म्हणायचो, माझी चूक नाय. झोप नाय यायची. रोज ती केबल मनात परत टाकायचो. टाकता टाकता एक दिवस आठवलं, आखूड होती. मग झोप लागली." तो हे सगळं असं बोलत होता की जणू माझी समजूत घालतोय. "पाच वेळा दुआ मागतो त्याच्यासाठी. आता एकच राहिलंय. वैजयंतीनं एकदा माफ केलं ना, बस. मग मी मोकळा. तिला सांगशील काय, खलील विचारत होता म्हणून?"

मी त्याचं गॅरेज घेतलं, गाव घेतलं, हे मला माहीत होतं. त्याची आठवणसुद्धा घेतली हे आज कळलं. त्याच्या डोक्यात शिरून मी तिथं दोन इंच आखूड केबल टाकून आलो होतो. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आवाज चढवला, त्याच्या पायाला हात लावला. तो माझे हात उचलून परत मांडीवर ठेवायचा. शेवटी दमला. डोळे मिटायला लागले. करिमुन्निसानं त्याला आडवं केलं, अंगावर चादर घातली आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं.

ओट्यावर आल्यावर तिनं दार ओढून घेतलं. "तू बोललास ते खरं हाय," ती बोलली. विचारलं नाही. "मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते. ह्याच्या हातची केबल कधी आखूड निघाली काय?"

"भाभी, मी हे छापणार आहे. सगळ्या गावाला कळू दे."

"छाप की. गाव येऊन त्याला उठवणार हाय? काय सांगणार? चाचा, तुमी पंचवीस वर्षं फुकट रडलात?" तिचा आवाज चढला नाही. "दहा वर्षं हा माणूस छताकडं बघत पडायचा. आता कुठं झोपतो. कशाच्या जोरावर झोपतो ते तू ऐकलंस. ते पण काढून घ्यायला आलास?"

ती माझ्याकडं बघून सरळ बोलली, "तू माफी मागायला आलास ना? तो देऊ शकत नाय, त्याला ठाऊकच नाय कशाची. मी देऊ शकते. पण मी देणार नाय. आता जा. ऊन कमी झालंय."

परतीच्या मेट्रोत मी उभाच राहिलो, जागा असून. पानं खिशात होती. एक विचार राहिला होता, त्यालाच धरून उभा होतो. वैजयंतीला सांगायचं. खलीलला पटलं नाही तरी तिला पटेल. ती शिव्या देईल, घराबाहेर काढेल, निदान खरं एका तरी घरात राहील. मला शिक्षा हवी होती, दुसरं काही नको. तिच्याकडनं मिळाली तर बरी, असं वाटत होतं. घरापाशी आलो तर ओसरीवर तिनं खंडेनवमीची तयारी मांडलेली. कोयता, विळी, माझी पाना-पक्कडची पिशवी. आणि पाटावर दोन लिव्हर, चिंचेनं घासून लख्ख केलेले. एक माझा. एक प्रणयचा. सासू-सासरे गेल्यावर तो तिच्याकडं आला, तेव्हापासून दर वर्षी ती तो घासते आणि घासताना कोणाशी बोलत नाही.

आज बोलली. "कुठं गेलताव? पंपावर पोरगा बोलला, लवकर निघाले."

"वैजू, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"मना पन सांगायचंय. मी आदी सांगते, नायतर माझा धीर जाईल." तिनं पदराला हात पुसले. डोळे लाल होते पण चेहरा असा निवांत मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. "रुतिका इतिहासाचं बोलून गेली ना, तवापासून झोप नाय. खलीलभाईचा विचार करते." चोवीस वर्षांत तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. 'तो' म्हणायची. "किती करायचा मानसानं राग? माझ्या बापानं मरताना बी त्याला शाप दिला. मी बी दिला. त्यानं काय मुद्दाम केलं? हातून चूक झाली. मानूस हाय. आज लिव्हर घासता घासता मना वाटलं, बास. मी माफ केलं त्याला. खरंच केलं. हितं," तिनं छातीवर हात ठेवला, "हितं एवढं हलकं वाटतंय, काय सांगू तुमाला."

मी उभाच होतो. तोंड उघडलं होतं. शब्द दाताशी आले होते, खिशात चौथं पान होतं.

"उद्या दसरा," ती बोलली. "आपन तळोज्याला जाऊ. त्याला सोनं देऊ. आनि ह्यो त्याचा त्याला परत देऊ." प्रणयचा लिव्हर तिनं उचलला, हळदकुंकवाचं बोट लावलं आणि नव्या खणात गुंडाळायला लागली. "त्यानंच आईच्या हातात दिलेला ना? बस झालं वाटेल तवा परत द्या बोललेला. आता बस झालं. त्याचं बी वय झालं असंल. मरायच्या आदी त्याला कळू दे मी माफ केलं."

मला खलीलचा चेहरा दिसला, उद्याचा. तो रडेल. तो तिचे हात धरेल आणि म्हणेल, ताई, केबल दोन इंच आखूड होती. ती म्हणेल, जाऊ द्या भाई. दोघं मोकळे होतील, माझ्या डोळ्यांदेखत. आणि दाराला टेकून करिमुन्निसा माझ्याकडं बघत उभी राहील. मी आत्ता बोललो तर दोघांचं हे जाईल आणि नाही बोललो तर मला माफ करणारं जगात कोणी उरणार नाही, कारण मी काय केलंय हे एकट्या करिमुन्निसाला माहीत असेल आणि ती माफ करणार नाही. मोबाइल वाजला. रुतिकाचा मेसेज, काका झालं का, मी पानं लावतेय. मी खिशातनं घडी काढली. पहिल्या तीन पानांचे फोटो काढले. पाठवले. चौथं पान परत घडी करून खिशात घातलं. तिचं उत्तर आलं, मस्त काका, आणि ढालीचं चित्र.

"तुमी काय सांगत होताव?" वैजयंतीनं विचारलं.

"काही नाही. नंतर बघू."

"उद्या तुमीच बोला पयलं. तुमची दोस्ती होती. मना रडू येल."

"काय बोलू?"

"बोला, वैजूनं माफ केलं. झालं गेलं खाडीला मिळालं." तिनं माझा लिव्हर पाटावरनं उचलून माझ्या हातात दिला. "घ्या, ह्याला तुमीच हळद लावा. दर साल मीच लावते."

लिव्हर गार होता, चिंचेच्या पाण्यानं ओला. माझी चार बोटं आपोआप त्याच्यावर वळली आणि दाबली गेली, पूर्ण, शेवटपर्यंत. तो कशालाच जोडलेला नव्हता. वैजयंती हळदीची वाटी पुढं करून थांबली होती.

"बरं," मी बोललो. "सांगतो त्याला."